चार सेकंदांची फट

केतकी चौगुले गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा तिला गाडी चालवायला लागून वीसेक वर्षं होऊन गेली होती. सांगली-मिरज रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून तिनं गाडी काढली होती. कॉलेज कॉर्नरला एका बाजूनं वरात, दुसऱ्या बाजूनं रुग्णवाहिका आणि मधोमध म्हैस अशा परिस्थितीतून ती कुणालाही न दुखावता बाहेर पडली होती. यातलं काहीही परीक्षेत विचारलं गेलं नाही.

देशाचं नाव सांगत नाही, तिचा व्हिसा अजून नूतनीकरणाला गेलेला आहे. उत्तरेकडचा, थंड आणि सभ्य देश, एवढं पुरे. गावाला स्ट्रेमविक म्हणू.

परीक्षक ब्योर्ग नावाची बाई होती. स्वभावानं प्रेमळ, चेहऱ्यानं कोरी.

“नियम सगळे बरोबर,” ती म्हणाली. “वेग बरोबर. पादचाऱ्याला जाऊ दिलंत. सायकलवाल्याला जाऊ दिलंत. बदकाला जाऊ दिलंत.”

“मग अडलं कुठे?”

“गोल चौकात. तिथे तुम्ही अकरा गाड्यांना विचार करायला लावलात.”

त्या देशात आता बहुतेक गाड्या बिनचालकाच्या होत्या. त्या आपापसांत बिनतारी बोलत आणि एकमेकींत नेमकं अंतर राखत. चौकात शिरणाऱ्या माणसानं चार सेकंदांची फट मिळेपर्यंत थांबायचं, असा हिशेब सगळ्या गाड्यांच्या डोक्यात पक्का होता. केतकी दोन सेकंदांच्या फटीत शिरली. मागच्या गाडीनं ब्रेक लावला, तिच्या मागचीला कळवलं, तिनं आणखी मागे कळवलं, आणि थेट इस्पितळापर्यंतच्या गाड्यांनी आपापली गणितं नव्यानं मांडली.

“पण धक्का कुठे लागला?” केतकीनं विचारलं.

“नाही लागला,” ब्योर्गनं मान्य केलं. “लागणार नाही याची तुम्हाला खात्री होती. गाड्यांना नव्हती.”

भारतातल्या परवान्यावर सुरुवातीचे काही महिने गाडी चालवता येत असे. ते महिने संपत आले होते. केतकी गावाच्या आरोग्यसेवेत फिरती फिजिओथेरपिस्ट होती. डोंगरातल्या सुट्या सुट्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आणि खांदे हलते ठेवायचं तिचं काम. बर्फ पडला, रस्त्यावरच्या खुणा झाकल्या गेल्या, की हुशार गाड्या तिकडे जायला नकार देत आणि पगारी माणसाला जावं लागे. थोडक्यात, परवाना नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर व्हिसा नाही. नवरा सलील घरी बसून विमा कंपनीचे हिशेब तपासायचा, पण तो आला होता तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून.

सलील तिच्याआधीच नापास झाला होता. त्यानं परीक्षकाशी तासभर वाद घातला आणि मग तत्त्वासाठी बसनं फिरायला लागला.

“अगं, थांबायचं एवढंच ना? मग थांब की,” तो म्हणाला.

“तू थांबलास?”

“माझा प्रश्न वेगळा होता. माझा अपमान झाला होता.”

केतकीनं आणखी दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा तिनं मनाशी घोकलं, चार, चार, चार. आणि दोन्ही वेळा पाय आपला आपण अ‍ॅक्सिलरेटरवर गेला. मन मागून आलं.

तेव्हा ब्योर्गनं लय-दुरुस्तीचं नाव काढलं. परदेशातून आलेल्या चालकांसाठी सरकारनं नुकतीच सुरू केलेली, फुकट आणि ऐच्छिक सोय. ऐच्छिक अशासाठी, की परवाना नको असेल तर घ्यायची गरज नव्हती. स्थानिकांना ती लागत नसे. त्यांना चार सेकंद आईच्या दुधातून मिळतात, असं कायद्यानं गृहीत धरलं होतं.

त्यामागचं विज्ञान ब्योर्गनं नीट समजावलं. गाडी चालवणारा माणूस डोळ्यांपेक्षा भाकितावर गाडी चालवतो. समोरची फट पुरेल की नाही, याचा निकाल मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू परस्पर लावून टाकतो आणि मोठ्या मेंदूला नंतर कळवतो, एखाद्या घरात सून सगळं उरकून सासऱ्यांना सांगते तसा. हा निकाल वर्षानुवर्षांच्या सवयीनं घडलेला असतो, उपदेशानं तो बदलत नाही. पण सवयीची एक खोड आहे. ती जागी होते त्या क्षणी काही वेळ ओल्या सिमेंटसारखी मऊ असते. तेवढ्यात तिच्यावर ठसा उमटवला, तर ती नव्या आकारात सुकते.

म्हणून केतकीला पोहण्याच्या टोपीसारखी टोपी घालून एका खोट्या गाडीत बसवण्यात आलं. समोरच्या पडद्यावर विश्रामबाग चौक होता. जुनी सवय जागी करायची तर जुना रस्ताच हवा. यंत्रानं तो हुबेहूब बनवला होता, फक्त खड्डे नियमित अंतरावर होते. रिक्षा आडव्या येत, टेम्पो ढकलत, हॉर्न वाजत. केतकीचा पाय हलणार हे टोपीला पाय हलायच्या अर्धा सेकंद आधी कळे आणि तेवढ्यात ती लहान मेंदूला चुंबकीय टिचकी मारी. दुखत काही नसे. शिंक येता येता राहावी, तसं वाटे.

दोन आठवड्यांनी ती पास झाली. खऱ्या चौकात ती चार सेकंदांसाठी थांबली, आणि थांबणं तिला थांबण्यासारखं वाटलंच नाही. गाड्यांनी विचार केला नाही. ब्योर्गनं हात मिळवला.

“आता तू त्यांच्यातली,” सलील म्हणाला. “उद्या मला हाय म्हणायला रांग लावशील.”

ती काहीतरी टोला हाणणार होती. पण तोवर तो पुढचं वाक्य बोलायला लागला होता.

रविवारी नेहमीप्रमाणे माहेरचा व्हिडिओ कॉल झाला. चौगुल्यांच्या घरात समोरच्याला वाक्य पूर्ण करू देणं हे थोडं अपमानकारक समजलं जाई. पुढचं काय ते मला कळलं नाही, असा त्याचा अर्थ होई. पुण्याहून थोरला भाऊ श्रीरंगदादा, त्याच्या खांद्यामागून मीनलवहिनी, सांगलीहून अण्णांची धाकटी बहीण बेबीआत्या, असे सगळे एकाच वेळी बोलत, एकाच वेळी ऐकत, आणि कुणाचंही काही निसटत नसे. खुद्द अण्णा, म्हणजे केतकीचे वडील, आत्याशेजारी बसून असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मितभाषी म्हणून नावाजलेला माणूस.

विषय अण्णांचाच होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. अण्णा विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत आणि मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले होते. दादाचं म्हणणं, त्यांना पुण्याला न्यावं आणि फ्लॅट भाड्यानं द्यावा. केतकी दोन वर्षं त्याविरुद्ध लढत होती. अण्णा सांगली सोडणार नाहीत, त्या घरात आई आहे, त्यांच्या सकाळच्या फेऱ्या आहेत, त्यांना पुण्यात कोण ओळखतं. हे ती दर रविवारी दादाच्या वाक्याच्या मध्यावर चढून सांगे, आणि दर रविवारी निर्णय पुढे ढकलला जाई.

“भाडेकरू चांगला मिळालाय,” दादा म्हणत होता, “नवराबायको दोघंच, आणि मी म्हटलं...”

“दोघंच म्हणून किती दिवस दोघं,” आत्या.

“आत्या, पोरं झाली तर होऊ देत, आपल्याला काय...”

“अण्णांसाठी इकडची खोली आम्ही रंगवूनसुद्धा घेतली,” वहिनी.

केतकी तोंड उघडून बसली होती. आत शिरण्याजोगी फट तिला दिसेना. शिरायचंच असं तिनं एकदा ठरवलंही, पण धावत्या ट्रकपुढे पाऊल टाकायचं म्हटल्यावर अंग जसं मागे येतं, तसा तिचा गळा मागे आला. पाऊण तासानं सगळे एकदम “चला” म्हणाले आणि कॉल संपला.

“का गं गप्प?” सलीलनं विचारलं. तो उत्तरासाठी थांबला, म्हणून ती बोलू शकली.

“मला मध्ये बोलताच येत नाहीये.”

सलीलला पहिले काही दिवस ही बातमी शुभ वाटली. नंतर वाटेना. भांडणात दोघं एकदम बोलली की त्याला धीर असे. आता तो एकटाच बोलायचा, ती शांतपणे ऐकायची, आणि बोलून झाल्यावर आपण नेमकं काय म्हणालो ते त्यालाही ऐकू यायचं.

सांगलीकडे मात्र वेगळाच अर्थ लावला गेला. केतकीनं अबोला धरलाय.

त्या घरात अबोल्याला मान होता. बेबीआत्यानं एकदा लोणच्याच्या बरणीवरून उन्हाळाभर धरला होता, त्याचा उल्लेख अजून आदरानं होई. केतकीनं कुटुंबाच्या गटावर सगळा प्रकार सविस्तर लिहून पाठवला, टोपीसकट. त्यानं आगीत तेल पडलं.

“तिनं चक्क लिहून पाठवलंय,” वहिनी दादाला म्हणाली. “काहीतरी चुंबकाबिंबकाचं. बोलायचं नाही तर नाही म्हण, सोंगं कशाला?”

दादानं तिला स्वतंत्र फोन केला. तिची समजूत काढण्यासाठी तो अखंड तासभर बोलला आणि “बरं झालं बोललो आपण” म्हणून फोन ठेवला. पुढच्या रविवारीही तेच झालं. भाडेकरूला होकार कळवायचा रविवार त्यानंतरचा होता.

केतकी ब्योर्गकडे गेली.

ब्योर्गनं सगळं ऐकून घेतलं. इतकं पूर्ण ऐकून घेतलं, की केतकीचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ ती ऐकतच होती.

“शक्य आहे,” ती म्हणाली. “बोलतानाही माणूस फटच मोजतो. समोरच्याचं वाक्य कुठे संपणार, याचं भाकीत मेंदू आधीच करून ठेवतो आणि तोंड तयार ठेवतो. नाहीतर इतक्या झटपट उत्तरं देता आली नसती. वेळ मोजणारं यंत्र बहुतेक एकच असणार. तुमचं आम्ही चार सेकंदांवर लावलं.”

“हे आधी कुणी सांगितलं नाही.”

“चाचण्यांत दिसलं नव्हतं.”

“चाचण्या कुणावर केल्या?”

ब्योर्गनं विचार केला. “आमच्यावर.”

मग तिनं पुढचं सांगितलं. दुरुस्ती उलटवता येते, पण हिवाळ्याचा बर्फ पक्का धरायच्या आत, म्हणजे अजून काही दिवसच. नंतर सिमेंट सुकतं. उलटवली की परवाना त्याच दिवशी परत करावा लागेल. मोकळी वेळ एकच होती, सोमवारची. रविवारच्या आतली मिळेल का, हे केतकीला विचारायचं होतं, म्हणजे रांगेतल्या कुणाच्या तरी आधी. तेही तिला विचारता आलं नाही. तिनं सोमवार घेतला.

“आणि नोकरी?” घरी सलीलनं विचारलं.

“जाईल.”

“आणि आपण?”

“आपणही जाऊ.”

“अण्णांच्या फ्लॅटसाठी?”

“अण्णांसाठी,” ती म्हणाली. “त्यांच्या वतीनं बोलणारं दुसरं आहे कोण?”

सलील बराच वेळ गप्प राहिला. त्याला टोपी घातलेली नव्हती, त्यामुळे हे लक्षणीय होतं.

बुधवारी दुपारी केतकी गुन्हिल्डबाईंच्या अंगणात गाडी लावून डबा खात होती. गुन्हिल्डबाईंचा खांदा आज बरा होता. तिनं सांगलीला फोन लावला. अण्णांशी तिचे फोन नेहमीचे ठरलेले. ती वीस मिनिटं बोले, अण्णा “हं” म्हणत, शेवटी ती म्हणे, “काळजी घ्या.”

“कसे आहात अण्णा?”

“बरा आहे.”

एरवी इथे ती सुरू झाली असती. आज थांबली. अण्णांचं बोलणं संपलं की नाही, तिला कळेना. समोर डोंगरावर ढग उतरत होता. चार सेकंद झाले, आठ झाले.

“तू आहेस ना फोनवर?” अण्णांनी विचारलं.

“आहे.”

पुन्हा शांतता. मग अण्णा म्हणाले, “मला या घरात राहायचं नाही, केतकी.”

तिनं हातातली पोळी डब्यात परत ठेवली.

“तुझी आई गेली तेव्हापासून नाही. संध्याकाळी कुकरची शिट्टी होईल असं वाटत राहतं. होत नाही.” ते थांबले. तीही थांबली. “पण तू माझ्यासाठी एवढी भांडत होतीस. म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा.”

“मग दादाकडे?”

“छे. त्याच्याकडे टीव्हीसुद्धा मध्ये बोलतो.”

केतकी हसली. अण्णांनी तिचं हसू संपू दिलं.

“तो कुपवाडकर आहे ना, आमच्या खात्यातला? मिरजेला. त्याची मुलं तुझ्यासारखीच बाहेर. खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. बाई येऊन स्वयंपाक करते, दवाखाना समोर. तो रेडिओ ऐकतो, मी शब्दकोडी सोडवतो. सकाळी चहाला थोडं बोलायचं. पुरतं तेवढं आम्हाला. ठरलंय आमचं, मागच्या दिवाळीपासून.”

“अहो, मग सांगितलं का नाहीत?”

“सांगणारच होतो,” अण्णा म्हणाले. “दर रविवारी. मध्ये जागाच सापडत नाही.”

वडील मितभाषी आहेत हे केतकी जन्मापासून ऐकत आली होती. ते चौकाच्या तोंडाशी गाडी उभी करून सत्तर वर्षं थांबलेत, हे तिला आज कळलं. आणि समोरून न थांबता जाणाऱ्या गाड्यांत सर्वांत वेगानं जाणारी तिची होती.

आता पंचाईत अशी, की अण्णांना काय हवं ते तिला कळलं होतं आणि ते रविवारी सांगायला लागणारा गळा सोमवारनंतर मिळणार होता. तिनं गटावर लिहिलं, ‘अण्णांना मिरजेला राहायचं आहे.’ वहिनीनं रागीट चेहऱ्याचं चित्र पाठवलं. पुण्यापेक्षा मिरज बरी, असे ही आता टोमणे मारायला लागली, असं घरात ठरलं. ‘अण्णा, तुम्हीच सांगा,’ असं तिनं अण्णांनाही कळवलं. अण्णांनी अंगठा पाठवला.

रविवारी कॉल लागला. दादा सुरुवातीपासून जोरात होता.

“तर मी त्या लोकांना आज होकार कळवतोय, ट्रकवाल्याशी बोललोय, अण्णा, तुमची पुस्तकं तेवढी...”

“पुस्तकं कशाला, रद्दी सगळी,” आत्या.

“बाथरूमला दांडी लावून घेतलीय,” वहिनी.

अण्णांचं तोंड किंचित उघडलं आणि मिटलं. केतकीनं ते पाहिलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सलील शेजारून कुजबुजला, “बोल ना! मी ओरडू का?” तिनं मान हलवली. जावयानं चौगुल्यांच्या घरात ओरडणं म्हणजे नवाच विषय सुरू झाला असता.

“आणि केतकीचं म्हणशील तर,” दादा म्हणाला, “ती काही बोलतच नाही, म्हणजे तिला पटलेलं...”

“पटलेलं?” बेबीआत्या कडाडली. अबोल्यातलं तिला कळत होतं. “श्रीरंगा, गप्प बस. मीनल, तू पण. पोरगी तीन रविवार झाले तोंड उघडंना झालीया, आणि तू म्हणतोस पटलंय? अबोला धरलेल्या माणसाला विचारल्याशिवाय या घरात कधी काय ठरलंय का? माझ्या लोणच्याला सुद्धा अण्णांनी विचारलं होतं. केतकी, बोल बाई. काय म्हणणं आहे तुझं?”

सगळे गप्प झाले. रीतच होती तशी. अबोला सोडवताना कुणी बोलायचं नाही.

फट मिळाली होती. चार सेकंदांहून मोठी, अख्खी वरात जाईल एवढी. मिरज, कुपवाडकर, दोन खोल्या, समोरचा दवाखाना, सगळं केतकीच्या जिभेवर तयार होतं. दोन मिनिटांत तिनं अण्णांची बाजू मांडली असती, आणि अण्णांपेक्षा चांगली मांडली असती.

“माझं काही म्हणणं नाही,” ती म्हणाली. “अण्णांचं आहे. ते सांगतील. त्यांना जरा वेळ लागतो.”

मग ती थांबली. आत्यानं दादाकडे बोट रोखलेलं होतं, त्यामुळे तोही थांबला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वहिनी काहीतरी म्हणणार होती, आत्याचं बोट तिकडे वळलं.

“मी मिरजेला जाणार आहे,” अण्णा म्हणाले. “कुपवाडकरकडे.”

आणि मग जो भडका उडाला तो चौगुल्यांच्या इतिहासातही मोठा होता. मुलगा असताना बाप मित्राच्या घरी? लोक काय म्हणतील? खोली रंगवली त्याचं काय? त्या कुपवाडकरला साखर आहे, तो गेला तर? आत्याचंही बोट खाली आलं आणि ती सर्वांच्या वर चढली, “घरात बहीण मेली नाहीये अजून!”

“आता तरी बोल,” सलील म्हणाला. “बुडाले ते.”

केतकीला ते करता येणं शक्यच नव्हतं. ती नुसती पडद्यावर अण्णांकडे बघत राहिली. अण्णा तिच्याकडे बघत होते. सवयीनं, ती आत उडी घेईल म्हणून. ती घेत नाही हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

मग अण्णांनी टेबलावर हात आपटला. फार जोरात नाही.

“मी अजून बोलतोय,” ते म्हणाले.

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्याला काय उत्तर देतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश सुरुवात केली. आधी कुकरच्या शिट्टीपासून.

सोमवारी सकाळी केतकीनं ब्योर्गच्या कार्यालयात फोन करून आपली वेळ रद्द केली. खिडकीबाहेर बारीक बर्फ पडायला लागला होता.

“आता पुन्हा वेळ मिळणार नाही,” ब्योर्ग म्हणाली. “हे कायमचं होईल. कारण नोंदवावं लागतं. काय लिहू?”

“घरी वडील बोलतायत,” केतकी म्हणाली. “अजून संपलेलं नाही.”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. केतकी थांबली.